अहवालामागचे हात

पावसाळ्यात अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत घरोघरी एकच आकडा विचारला जातो : प्लेटलेट किती? डेंग्यूची शंका आली की सकाळी रक्त द्यायचे आणि दुपारी मोबाइलवर अहवाल बघायचा, हे आता अंगवळणी पडले आहे. समजा, आकडा चाळीस हजार आला. घरात धावपळ सुरू होते, रुग्णालयात खाट शोधली जाते. पण प्लेटलेट प्रत्यक्षात पुरेशाही असू शकतात. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए हे रसायन असते. काहींच्या रक्तात त्यामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि त्यांचे पुंजके होतात. रक्त काढताना अडखळले किंवा नळी नीट हलवली नाही, तरी आकडा खोटाच कमी येऊ शकतो. यंत्राला पुंजक्यातल्या प्लेटलेट मोजता येत नाहीत. काचपट्टीवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याला मात्र पुंजका दिसतो. मग निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या नळीत पुन्हा नमुना घेतला जातो आणि खरा आकडा कळतो.

ही काचपट्टी पाहणारा तंत्रज्ञ कुठून येतो, हा प्रश्न एरवी कुणाला पडत नाही. बारावी विज्ञाननंतर ‘नीट’मध्ये गुण कमी पडलेल्या मुलांच्या घरी मात्र तो दरवर्षी येतो. ‘डीएमएलटी करून टाक, लॅबमध्ये लगेच नोकरी लागते,’ असा सल्ला मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

कारण लॅबचे कामच बदलले आहे. २०२१ मध्ये मुंबईची सबर्बन डायग्नोस्टिक्स दिल्लीच्या डॉ. लाल पॅथलॅब्जने विकत घेतली. त्याच वर्षी तुर्भ्याच्या थायरोकेअरमधला मोठा हिस्सा फार्मइझीच्या मूळ कंपनीकडे गेला. मोठ्या साखळ्यांच्या या पद्धतीत उपनगरात उरते ते संकलन केंद्र. रक्त इथे काढायचे आणि तपासणी दूरच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेत करायची. यातून तपासणी स्वस्त झाली, यंत्रेही चांगली आली. पण कामाचे दोन तुकडे पडले. एकाने फक्त सुई टोचायची, दुसऱ्याने फक्त यंत्र चालवायचे. नमुन्याचा सगळा प्रवास समजणारा माणूस मधल्या मधे हरवू लागला.

चुका तर या प्रवासातच जास्त होतात. इटलीतील पादुआच्या संशोधकांनी १९९७ मध्ये आपल्या रुग्णालयातील प्रयोगशाळेच्या चुका मोजल्या. त्यांतल्या सुमारे ६८ टक्के चुका नमुना यंत्रात जाण्याआधीच्या होत्या. साध्या नळीत राहिलेल्या रक्तातली साखर खोलीच्या तापमानाला दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. लाल पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. नळी बोरिवलीहून निघून भर दुपारच्या वाहतुकीत अडकली, तर पुढचे महागडे यंत्रही नमुन्याचे झालेले नुकसान भरून काढू शकत नाही. म्हणून घरी येऊन रक्त काढणाऱ्याचेही शिक्षण पक्के हवे.

शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. बारावीनंतर किंवा बी.एस्सी.नंतर डीएमएलटी करता येते. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पदवी आहे. पुढे एम.एस्सी., रक्तकेंद्र, ऊतितपासणी, रेण्वीय निदान, गुणवत्ता व्यवस्थापन अशी दारे उघडतात. मात्र याच नावांच्या आसपास काही महिन्यांची प्रमाणपत्रेही विकली जातात. दोन्हींतला फरक आता कायद्याच्याही नजरेत आहे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत विभागलेले किमान २,००० तासांचे शिक्षण ठरवले आहे. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी ३,६०० तास लागतात. वैद्यकीय प्रयोगशाळा हा वर्ग या कायद्याच्या अनुसूचीत आहे. रक्तकेंद्रांच्या बाबतीत औषध नियमांनी तंत्रज्ञाची पात्रता आधीच बांधून दिली आहे : प्रयोगशाळा तंत्रज्ञानातली पदवी आणि सहा महिन्यांचा अनुभव, किंवा डिप्लोमा आणि एक वर्षाचा अनुभव.

‘कोर्स करा, स्वतःची लॅब टाका’ हे आमिषही तपासून घ्यायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले की, प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. तंत्रज्ञ तपासणी करतो. एकट्याच्या सहीने अहवाल देऊ शकत नाही. हे ठाऊक नसताना आईवडिलांनी दागिने मोडून गाळा आणि यंत्रे घेतली, तर नुकसान त्या घराचे होते. अशा लॅबमधून निघालेल्या अहवालावर औषध घेणाऱ्याचेही होते.

त्यामुळे फी भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. पदवी किंवा डिप्लोमा कोणत्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा आहे? त्यावर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेकडे नोंदणी होते का? आणि प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, किती तास करायला मिळेल? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कूपर किंवा राजावाडीसारख्या रुग्णालयात येणारे तऱ्हेतऱ्हेचे नमुने चार खोल्यांच्या संस्थेतल्या एका यंत्रावर पाहायला मिळत नाहीत. मलेरियाचा परजीवी चित्रात ओळखणे आणि अपुऱ्या रंगलेल्या काचपट्टीवर शोधणे यांत बरेच अंतर आहे.

रुग्णालाही विचारता येते. रक्त घेणाऱ्याचे शिक्षण काय? नळीवर नाव रुग्णासमोर लिहिले का? नमुना किती वेळात पोहोचणार? प्लेटलेट अचानक फार कमी आल्या आणि रुग्ण तसा बरा दिसत असेल, तर ‘काचपट्टी पाहिली का?’ हे डॉक्टरांमार्फत जरूर विचारावे. पुरेसा पगार आणि पुरेसा वेळ मिळणारा, नीट शिकलेला तंत्रज्ञ तिथे असेल, तर बहुतेक वेळा हा प्रश्न विचारण्याची वेळच येणार नाही. त्याने काचपट्टी आधीच पाहिलेली असेल.