पाण्यावरचा हमरस्ता

पणजीजवळ मांडवीवर आज तीन पूल उभे आहेत. तरीही पणजी-बेती फेरीबोट चालूच आहे. हा निव्वळ जुन्या सवयीचा हट्ट, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. ५ जुलै १९८६ रोजी येथील पहिला पूल कोसळला, तेव्हा वाहतुकीचा मोठा भार या फेरीबोटींनीच उचलला. तो धडा विसरण्याजोगा नव्हे.

जुन्या गोव्यासमोरील दिवाडी बेटाला तर अद्याप पूलच नाही. तेथील विद्यार्थी, रुग्ण, कामकरी, त्यांच्या दुचाक्या आणि मोटारी, साऱ्यांना फेरीबोटीचाच आधार. म्हणून ही सेवा सरकारचा उपकार नव्हे. तो पाण्यावरचा हमरस्ता आहे. रस्त्याकडून आपण नफा मागत नाही. मग फेरीबोटीच्याच जमाखर्चावर बोट का ठेवावे?

मात्र हक्काबरोबर कर्तव्यही येते. बोट भरली असता आणखी एक मोटार आत घुसविण्याचा आग्रह प्रवाशांनी धरू नये. खलाशाचा शब्द अखेरचा मानावा. सरकारनेही बोटींची देखभाल, जीवरक्षक साधने आणि रात्रीच्या खेपा यांत कसूर करू नये. पूल अवश्य बांधावेत; पण त्यापायी तर मोडू नये.