बाळंतपणातील जखम आणि पती-पत्नीचे संबंध

भगिनींनो, सव्वा महिना झाला की घरातील सर्वांना वाटते, बाळंतीण आता बरी झाली. तिला माहेराहून आणतात, चूल-पाणी तिच्या हाती येते आणि पतीही जवळ येऊ पाहतो. पण टाक्यांची जागा अजून दुखत असते. सासूला सांगावे तर लाज वाटते, आणि नवऱ्याला नाही म्हणावे तर तो रागावेल, बाहेर जाईल ही भीती. मग ती ओठ आवळून सहन करते. म्हणून आज या विषयावर स्पष्ट बोलू या.

बाळंतपणात, विशेषतः पहिल्या वेळी, मायांग फाटणे ही सर्रास घडणारी गोष्ट आहे. कधी डॉक्टर स्वतः छेद देतात. या जखमेचे 4 प्रकार आहेत. पहिल्यात फक्त कातडी फाटते, दुसऱ्यात आतील स्नायूही फाटतो. तिसऱ्यात जखम शौचाच्या जागेच्या स्नायूपर्यंत जाते आणि चौथ्यात आतड्याच्या अस्तरापर्यंत पोहोचते. आपल्याला कोणत्या प्रकारचे टाके घातले, हे दवाखान्यातून निघतानाच विचारून घ्यावे. तो आपला हक्क आहे.

वरची कातडी 2-3 आठवड्यांत जुळते, पण आतील स्नायूंना बळ यायला त्याहून बराच काळ लागतो. म्हणून 6 आठवडे ही कमीत कमी मुदत समजावी. ती संपली म्हणून दुसऱ्याच दिवशी संबंध आलाच पाहिजे, असे मुळीच नाही. तिसऱ्या-चौथ्या प्रकारची जखम असेल तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय सुरुवात करू नये.

जखम भरल्यावरही दुखते, त्याचे आणखी एक कारण आहे. बाळ अंगावर पीत असते तेव्हा शरीरातील एक संप्रेरक कमी होते आणि मायांग कोरडे पडते. पत्नीचे प्रेम आटले, असा याचा अर्थ नाही. औषधाच्या दुकानात पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती वापरावी. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल लावू नये. तेलाने निरोधाचे रबर कमजोर होऊन तो फाटतो.

सुरुवात सावकाश करावी. आधी नुसती जवळीक, बोलणे, मायेचा स्पर्श एवढेच पुरे. पुढे कुशीवर झोपून, तिच्या अंगावर भार न टाकता संबंध ठेवावा. दुखले तर तिथेच थांबावे. दुखत असताना रेटले की मनात धास्ती बसते, धास्तीने स्नायू आवळतात आणि पुढच्या वेळी अधिकच दुखते.

एक सोपा व्यायाम आहे. लघवी किंवा वारा रोखून धरतो तसे खालचे स्नायू आवळावेत, 5 अंक मोजावेत, सैल सोडावेत. असे 10 वेळा, दिवसातून 3 दा करावे. मात्र लघवी करताना हा व्यायाम करू नये. शौचास घट्ट होऊ नये म्हणून भरपूर पाणी, पालेभाज्या, फळे घ्यावीत.

पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, या भरवशावर राहू नका. पाळी येण्याआधीच गर्भ राहू शकतो. निरोध, तांबी, अंतरा इंजेक्शन, छाया गोळी या गोष्टी सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आशाताईंना किंवा नर्सबाईंना विचारा.

ताप, घाण वास, पू, जास्त रक्तस्राव, वारा किंवा शौच न आवरणे, सतत लघवी गळणे यांपैकी काहीही असेल तर लगेच दवाखाना गाठा. 3 महिन्यांनंतरही दुखत असेल तरीही दाखवा. त्यावर उपचार आहेत. “बायकांना हे असायचेच” असे म्हणून घरी बसू नका.

आणि बंधूंनो, हे आपणही वाचा. एका खोलीच्या घरात पत्नीला मोकळेपणी बोलायला कोपरासुद्धा नसतो. तेव्हा तिने सांगण्याची वाट न पाहता आपणच विचारा, “अजून दुखते का?” ती हो म्हणाली तर थांबा आणि दवाखान्यात तिच्याबरोबर जा. बाळ रात्री रडले तर उठून घ्या, पाण्याचा हंडा आपण उचला. तिचे शरीर लवकर भरून येण्यास याची मोठी मदत होईल.