संगणक आपला, किल्ली परक्याची

स्वदेशीच्या विचाराने गेल्या तीन दशकांत मराठी मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरापर्यंत मजल मारली. दंतमंजन बदलले, साबण बदलला, परदेशी शीतपेयांच्या बाटल्या अनेक घरांतून हद्दपार झाल्या. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातील संगणकाकडे मात्र या विचाराची दृष्टी क्वचितच वळली. ज्या घरात साबणाच्या वेष्टणावरील उत्पादकाचे नाव वाचून मगच खरेदी होते, त्याच घरात संगणकाची मूळ कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, अमेरिकेतील एका कंपनीची असते आणि पुष्कळदा तीही गल्लीतल्या असेम्बलरने फुकट 'टाकून दिलेली'. फुकट याचा अर्थ येथे चोरीची असा आहे. अस्तेय हा यमांपैकी एक यम मानणाऱ्या समाजाने या चोरीला कधी चोरी म्हटलेच नाही!

हा प्रश्न आता केवळ नीतीचा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या प्रणालीचा नियमित आधार थांबविला. सामान्य ग्राहकाला सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी एका वर्षाची मुदतवाढ देऊ केली गेली, पण तीही कंपनीकडे खाते उघडण्याच्या अटीवर. पुढची 'विंडोज ११' घ्यावी, तर तिला संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था हवी आणि प्रोसेसरही अलीकडच्या पिढीचा हवा. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. परिणाम असा की, २०१६ साली मुलाच्या दहावीसाठी घेतलेला, आजही व्यवस्थित चालणारा संगणक कंपनीच्या एका निर्णयाने कालबाह्य ठरला. यंत्र बिघडलेले नाही, मालकाची तक्रार नाही, तरी ते भंगारात! वस्तू पुरवून वापरण्याचा संस्कार ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्यांनी हा उधळेपणा निमूटपणे का स्वीकारावा?

पर्याय आहे आणि तो नवा नाही. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला आणि त्याची संहिता जगापुढे खुली ठेवली. आज जगातील पहिले पाचशे महासंगणक लिनक्सवर चालतात. आश्चर्य याचे की, जो गृहस्थ 'लिनक्स आपल्याला जमायचे नाही' असे सांगतो, तो हे वाक्य खिशातल्या ज्या अँड्रॉइड भ्रमणध्वनीवरून बोलत असतो, त्याचा गाभाही लिनक्सचाच आहे. घरातली आजी त्यावर रोज कीर्तन ऐकते. तिला कोणी प्रशिक्षण दिले होते?

'अवघड आहे' हा आक्षेप वीस वर्षांपूर्वी खरा होता. त्या काळी उबुंटूच्या तबकड्या टपालाने फुकट घरपोच येत. अनेक हौशी तरुणांनी त्या मागविल्या, मॉडेम चालेना म्हणून कपाटात टाकल्या आणि लिनक्सविषयीचे मतही तेथेच कुलूपबंद केले. ते मत आजही तेथेच पडून आहे. वस्तुतः 'लिनक्स मिंट'सारख्या प्रणालीचे रूप विंडोजच्या जुन्या आवृत्तीची सवय असलेल्याला परके वाटत नाही. चार जीबी स्मृती असलेल्या जुन्या संगणकावर ती चालते. पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते, छायाचित्रे, चित्रपट, बँकेचे व्यवहार, मुलांचा ऑनलाईन वर्ग, एवढेच ज्या घराचे काम, त्याला बहुतेक सर्व साधने पहिल्याच दिवशी हाताशी असतात. लिब्रेऑफिस तर मराठीतूनही उपलब्ध आहे. इनस्क्रिप्ट हा आपल्याच देशात प्रमाणित झालेला कळफलक सेटिंग्जमधून निवडता येतो.

अडचणी नाहीत असे सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या व्यापाऱ्याची रोजकीर्द टॅलीवर आहे, ज्या मुद्रकाचे सारे काम कोरलड्रॉवर आणि जुन्या मराठी फॉन्टवर आहे, त्याने उत्साहाच्या भरात विंडोज पुसून टाकू नये. या कार्यक्रमांच्या चालू आवृत्त्या लिनक्ससाठी उपलब्ध नाहीत. काही प्रिंटर हट्टीपणा करतात. मराठी मेन्यूंचे भाषांतरही ठिकठिकाणी अपुरे आहे. परंतु येथेच दोन व्यवस्थांमधील भेद उघड होतो. बंदिस्त प्रणालीत 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे हवेत, तर कंपनीला विनंती करून वाट पाहत बसावे लागते. मुक्तस्रोत प्रणालीत चार जाणकार एकत्र आले की फॉन्ट व भाषांतर स्वतः दुरुस्त करता येते, आणि ती दुरुस्ती सर्व मराठी जगाला मिळते. पुण्यातील तरुणांनी असे काम पूर्वी केलेही आहे. ते अपुरे राहिले याचे कारण तंत्रात नाही, मनुष्यबळात आहे, आणि मनुष्यबळ उभे करणे हा तर कार्यकर्त्यांचा धर्म.

आपल्याच मंडळींचा एक आक्षेप असतो : लिनक्सही परदेशीच, मग स्वदेशी कशी? १९९१ याच वर्षी नागपुरात स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली आणि याच वर्षी पुण्याच्या सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारल्यावर डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली देशाने दिलेले ते उत्तर होते. त्यातील प्रत्येक सुटा भाग भारतात घडला नव्हता. रचना आणि नियंत्रण आपले होते, म्हणून तो स्वदेशी. वस्तू कोठे जन्मली यापेक्षा तिची किल्ली कोणाच्या हाती आहे, ही कसोटी मोठी.

किल्ली परक्या हाती असली की काय घडते, ते जुलै २०२५ मध्ये दिसले. युरोपीय संघाने निर्बंध लादताच मायक्रोसॉफ्टने वाडीनारच्या नायरा एनर्जीची ई-मेल व तत्सम सेवा अचानक रोखली. निर्बंध युरोपचे, कंपनी अमेरिकेची, तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातचा! प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर सेवा पूर्ववत झाली. तो प्रश्न विंडोजचा नव्हता, हे खरे. पण आता विंडोजची घरगुती आवृत्ती सुरू करतानाच कंपनीचे खाते मागते आणि फायली कंपनीच्या साठवणुकीत ठेवण्याचा आग्रह धरते. तेलकंपनीला न्यायालय गाठता आले. सामान्य गृहस्थ कोणाच्या दारी जाणार?

सरकारी पातळीवर जाग आलेली आहे. २०१५ साली केंद्राने मुक्तस्रोत धोरण स्वीकारले, २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर आधारित 'माया' प्रणालीचा अवलंब सुरू केला. सी-डॅकची 'बॉस' त्याही आधीची, पण ती घरोघरी पोहोचविण्याची जिद्द कोणी दाखविली नाही. घोषणा झाल्या, प्रसार झाला नाही. उलट केरळच्या शासकीय शाळांतील मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच शिकत आहेत. तेथील डाव्यांशी वैचारिक मतभेद कितीही तीव्र असोत, या एका बाबतीत त्यांनी जे करून दाखविले, ते स्वदेशीचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राला अद्याप जमलेले नाही. हे बोचले, तर बोचू द्यावे.

आरंभासाठी अनुदान नको, शासननिर्णयही नको. सेवावस्तीतील अभ्यासिकांत, वसतिगृहांत आणि कार्यालयांत 'विंडोज ११' न चालणारे संगणक पडून आहेत. पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घेऊन ती तेथूनच चालविता येते; मूळ प्रणालीला हात लावावा लागत नाही. मराठी टंकलेखन होते का, प्रिंटर कागद ओढतो का, वायफाय जोडले जाते का, हे अर्ध्या तासात समजते. नाही पटले, तर पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करावा; विंडोज जसेच्या तसे तेथेच असते.