आधी गळती, मग भरणी

व्यापारी कुटुंबात जुनी मोटार बहुधा नुसते वाहन नसते. डिसेंबर १९८३ मध्ये प्रथम रस्त्यावर आलेली आणि जानेवारी २०१४ पर्यंत तयार होत राहिलेली मारुती ८०० अनेक घरांत भरभराटीच्या पहिल्या दिवसांची साक्षीदार म्हणून आजही जपलेली असते. मंदिरापर्यंत वा स्थानकापर्यंत तिची फेरी होते. एके दिवशी तिच्याखाली फरशीवर तेलाचा डाग दिसतो. गाडी चालते, गिअर पडतात. म्हणून डागावर पुठ्ठा टाकला जातो आणि अधूनमधून गिअरबॉक्समध्ये तेल भरून घेतले जाते. रोकडवहीतील रुपयाचा फरक सापडेपर्यंत गादीवरून न उठणारा गृहस्थ या रोजच्या तुटीकडे मात्र डोळेझाक करतो.

ही तूट होते कोठून? गिअरबॉक्समधील दातेरी चाके तेलात फिरतात. गिअरच्या दांड्याची हालचाल आत पोहोचविणारा शाफ्ट गिअरबॉक्सच्या भिंतीतून आरपार जातो. तेथे तेल अडविण्यासाठी रबरी ऑइल सील व बाहेरून धूळ-पाणी अडविण्यासाठी रबरी बूट असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होते, सीलची नाजूक कड झिजते. बूट फाटला की शाफ्टवर बसलेली माती प्रत्येक गिअरबरोबर त्या कडेवर घासते. क्वचित गिअरबॉक्सचे हवा सोडणारे छिद्र चिखलाने बुजते आणि आतला दाब सीलमधूनच वाट काढतो.

इंजिनातील तेलाचा दाब उतरला तर समोर तांबडा दिवा लागतो. गिअरबॉक्सला असा दिवा नाही. तेल घटत जाते, गाडी घूं घूं आवाज करू लागते, आणि तोवर बेअरिंग व दातेरी चाके झिजलेली असतात. थोडक्या किमतीच्या सीलसाठी टाळाटाळ केल्याने संपूर्ण गिअरबॉक्स उघडण्याची पाळी येते.

उपाय करण्यापूर्वी निदान नेमके हवे. इंजिनातून वा चाकाकडे जाणाऱ्या ॲक्सलच्या सीलमधून गळलेले तेलही ओघळत तेथेच येते. म्हणून तो भाग स्वच्छ पुसून, थोडी गाडी चालवून, सर्वांत वरची ओल कोठे आहे ते पाहावे. गिअरचे तेल दाट असते व त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. यावरून ते बहुधा ओळखता येते.

या दुरुस्तीसाठी सहसा गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. मेकॅनिक दांड्याचा जोड सोडवतो, बूट काढतो आणि जुने सील उचकटतो. त्या वेळी शाफ्टवर वा सीलच्या घरावर ओरखडा उमटू नये. शाफ्टवर गंज वा खाच असेल तर ती आधी घासून गुळगुळीत करावी, नाहीतर नवे सीलही लवकरच झिजेल. नव्या सीलच्या कडेला तेल लावून, स्प्रिंगची बाजू आत ठेवून, ते सरळ ठोकून बसवावे. त्याबरोबर बूटही नवा घालावा. तेल बदलायचे असल्यास भरणीचा बोल्ट सुटतो याची खात्री करून मगच निचऱ्याचा बोल्ट उघडावा. गाडी सपाट जागी उभी करून भरणीच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल भरावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

एवढे सारे एका डागासाठी कशाला, असे कोणास वाटेल. परंतु तेलाचा चिकट थर मुंगीसारख्या जीवाला सापळाच ठरतो. मंदिराच्या वा स्थानकाच्या आवारात ईर्यासमिती पाळत, भूमी निरखीत अनवाणी चालणाऱ्या साधु-साध्वींच्या वाटेवर असा निसरडा डाग पाडणे हा प्रमाद होय. गळालेले तेल लगेच लाकडाच्या भुशाने वा कोरड्या मातीने टिपावे. काढलेले जुने तेल गटारात वा झाडाच्या मुळाशी ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार असे तेल घातक कचऱ्यात मोडते. ते बंद डब्यात साठवून, परवानाधारक पुनर्प्रक्रियेकडे तेल पाठविणाऱ्या गॅरेजकडेच द्यावे.

आस्रव आणि संवर समजावताना छिद्र पडलेल्या नावेचा दृष्टान्त दिला जातो. आधी छिद्र बुजवावे, मग पाणी उपसावे. छिद्र तसेच ठेवून केलेला उपसा नाव वाचवीत नाही, आणि सील तसेच ठेवून केलेली भरणी गिअरबॉक्स वाचवीत नाही. अंगणातील पुठ्ठा उचलून डाग किती ताजा आहे हे पाहणे, एवढ्यापासून या यतनेचा आरंभ करता येतो.