हिरवे कलिंगड

मराठी शिकवणाऱ्या माणसाने संगणकाच्या कारभारावर लिहावे, हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. वाटू द्या. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत आमचे इतके विद्यार्थी रात्रपाळी करतात की, तिकडची भाषा कानावर पडल्यावाचून राहत नाही. आणि भाषा कानावर पडली की आमच्यासारख्याला गप्प बसवत नाही.

मोठी गमतीची भाषा आहे ती! तेथे तक्रारीला ‘तिकीट’ म्हणतात. तिकीट ‘उघडते’, या हातातून त्या हातात जाते आणि शेवटी ‘बंद’ होते. ‘कॅब’ही तेथे दोन आहेत. एक वाकडच्या पुलापाशी अडकलेली, आणि दुसरी म्हणजे चालू यंत्रणेत कोणताही बदल करण्यापूर्वी तो तपासून सल्ला देणारी समिती. दोन्हींची वाट पाहावी लागते, असे आमची मुले सांगतात.

ही परिभाषा जन्मली सरकारी कचेरीत. १९८० नंतरच्या दशकात ब्रिटिश सरकारला दिसून आले की, संगणक खात्याखात्यांत पोचले, पण प्रत्येक खाते ते आपापल्या तऱ्हेने हाकीत आहे. तेव्हा सरकारच्याच एका संस्थेने चांगल्या रीती गोळा करून पुस्तके काढली. पहिली पुस्तके १९८९ च्या सुमाराची. या ग्रंथसंचाचे आद्याक्षरी नाव ‘आयटिल’. पुस्तके वाढत वाढत तिसावर गेली, पुढे आटोपशीर झाली. २००५ साली याच विषयाचे ‘आयएसओ २००००’ हे आंतरराष्ट्रीय मानक आले, २००७ साली आयटिलचे पाच ग्रंथ झाले आणि २०१९ साली चौथी आवृत्ती निघाली. सरकारी घरात जन्मलेले हे शास्त्र २०१३ साली खासगी भागीदारीत गेले, आणि २०२१ पासून तर परीक्षा घेणाऱ्या एका खासगी कंपनीच्या मालकीचे झाले आहे.

हिंजवडीला त्याचे एवढे महत्त्व का? साता समुद्रापलीकडच्या बँकेला येथला माणूस दिसत नाही; त्याचा कागद दिसतो. अमुक तक्रार चार तासांत मिटवू, तमुक आठ तासांत, असा करार होतो आणि महिन्याच्या महिन्याला त्याचा हिशेब द्यावा लागतो. परक्या माणसाचा विश्वास बसावा, म्हणून दोघांना सामाईक अशी ही भाषा.

या शास्त्रातला एक भेद मला फार आवडतो. आपण मराठी माणसे कशालाही ‘प्रॉब्लेम’ म्हणतो. दूध नासले तरी प्रॉब्लेम आणि जावई रुसला तरी प्रॉब्लेम! आयटिलमध्ये तसे चालत नाही. यंत्रणा बंद पडली, हा ‘इन्सिडन्ट’. ती ज्या कारणाने बंद पडते, तो ‘प्रॉब्लेम’. पावसात छप्पर गळू लागले की खाली बादली ठेवणे हे पहिल्याचे काम, आणि फुटके कौल शोधणे हे दुसऱ्याचे. दोन्ही कामे हवीत. पण बादली ठेवली म्हणजे छप्पर शाकारले, असे समजू नये.

घोटाळा होतो तो नेमका येथे. करारात मोजली जाते ती बादली. तिकीट चार तासांत बंद झाले की अहवालातला रकाना हिरवा. दुसऱ्या दिवशी तेच यंत्र पुन्हा बंद पडले, तर नवे तिकीट आणि नवा हिरवा रकाना! अहवाल हिरवागार आणि गिऱ्हाईक मात्र रागाने लाल. या प्रकाराला धंद्यातल्या लोकांनीच कलिंगडाचे नाव दिले आहे, आणि नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला. त्यातली बलुतेदारी हीदेखील एक सेवाव्यवस्थाच होती. सुतार कुणब्याची औते वर्षभर दुरुस्त करी आणि सुगीला आपले बलुते नेई. खेपेगणिक मोबदला नसल्यामुळे नांगर पुन्हा पुन्हा मोडण्यात त्याचा फायदा नव्हता. ती व्यवस्था जातीला जखडलेली होती, अन्यायाची होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण मोबदला कशाचा मिळतो, यावर कामाचा कस ठरतो, एवढे तिच्यापासून शिकायला हरकत नसावी. बंद केलेल्या तिकिटांवर ज्याची बढती ठरते, त्याने मूळ दोष का म्हणून शोधावा? दोष गेला तर तिकिटेही जातील!

या काटेकोरपणाची टवाळी करणाऱ्यांनी १९ जुलै २०२४ हा दिवस आठवावा. क्राउडस्ट्राइक या कंपनीचा एक सदोष बदल जगभर एकाच वेळी धाडला गेला आणि सुमारे ८५ लाख संगणक आडवे झाले. आपल्याकडे विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास मिळाले. बदल आधी थोड्या यंत्रांवर करून पाहावा, ही जुनीच शिकवण. ती मोडली की काय होते, ते जगाने पाहिले.

आणि काचेच्या बाहेर? २०२५ च्या जूनमध्ये हिंजवडीचे रस्ते पावसाने ओढ्यासारखे वाहिले. ग्रामपंचायत, औद्योगिक विकास महामंडळ, महानगर प्रदेश प्राधिकरण, शेजारची महापालिका, अशी अनेक दारे. कोणते ठोठवावे ते नागरिकाला कळेना. आत एका बिघडलेल्या छपाईयंत्रालाही जबाबदार धनी असतो, आणि बाहेर लाखभर माणसांच्या रस्त्याला तो शोधावा लागतो! पाणी उपसले, इन्सिडन्ट मिटला. प्रॉब्लेमचे तिकीट कोणाच्या नावावर?

पुढचे दिवस निराळे आहेत. विसरलेला पासवर्ड, अडलेली छपाई, असल्या तक्रारी आता यंत्रच ऐकू आणि मिटवू लागले आहे. त्यात काही वाईट नाही. पण याच कंटाळवाण्या तक्रारी सोडवता सोडवता आमची मुले जाणती होत. तोच बिघाड शंभरदा हाताळलेल्या मुलाला एकशेएकाव्या वेळी ‘हे असे का होते?’ हा प्रश्न सुचतो. पहिली पायरी काढून घेतली, तर दुसरीवर चढणार कोण? यंत्र मिनिटाला हजार तिकिटे बंद करील आणि कलिंगड आणखी हिरवे दिसेल. म्हणून बादल्या यंत्राकडे खुशाल द्याव्यात. फुटके कौल शोधण्याचे काम मात्र नव्या मुलांना पहिल्या दिवसापासून, जाणत्याच्या हाताखाली, शिकवावे. त्यासाठी वेळ आणि पगार मोजावा लागेल. आयटिलची पुढची आवृत्ती कोणतीही येवो, कंपन्यांची परीक्षा यावरच होणार आहे.

दिवाळीत व्यापारी जुनी वही मिटतो, पण येणे-देणे नव्या वहीत ओढून घेतो. वही मिटली म्हणून कर्ज फिटले, असे कोणताही शहाणा व्यापारी समजत नाही. तिकिटांचा हिशेबही याच रीतीने ठेवावा.