शब्द अरबी, म्हणून गुन्हा आमचा?

इंग्रजीत 'रॅझिया' असा एक शब्द आहे. अर्थ, अचानक धाड घालून धान्य, गुरंढोरं लुटून नेणं. मूळ अरबी, 'गाझिया'. शनिवार पेठेतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी ही माहिती टाकली आणि खाली निष्कर्ष काढला, "लूट यांच्या रक्तातच आहे."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. व्हेरिएबलचं नाव कोणत्या भाषेत आहे यावरून बग कुणी घातला हे ठरत नाही. त्यासाठी लॉग बघावा लागतो.

लॉग काय सांगतो? हा शब्द युरोपात पोचला अल्जीरियातून. 1830 साली फ्रान्सने तिथे सैन्य उतरवलं. 1840 च्या दशकात जनरल ब्युजोच्या फौजांनी पिकं जाळली, कोठारं फोडली, कळप हाकून नेले. या मोहिमांना फ्रेंचांनीच 'रॅझिया' म्हटलं. लुटणारे फ्रेंच, लुटले गेले अल्जीरियन मुसलमान, नाव मात्र अरबी!

'रेड' हा शब्द स्कॉटलंडचा, 'रोड'चा सख्खा भाऊ. म्हणून स्कॉटिश माणसाला कुणी लुटारू म्हणत नाही. 'लूट' तर इंग्रजीला आपणच दिला. पण प्लासीनंतर बंगाल लुटला कुणी?

आता आपल्या घरचा शब्द, मुलूखगिरी. 'मुल्क' अरबी, 'गिरी' फारसी, मोहिमा मराठ्यांच्या. 1742 ते 1751 या काळात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या स्वारांनी बंगालला सळो की पळो करून सोडलं. बंगालीत त्यांना 'बर्गी' म्हणतात. तो आपला 'बारगीर', मूळ फारसी. त्या फौजेला मीर हबीब या मुसलमान सरदाराची साथ होती आणि तिचे अत्याचार लिहून ठेवणारा कवी गंगाराम हिंदू होता. मग इथे लुटारू धर्म कोणता?

मित्रांनो, उत्तरादाखल 'तुम्ही बर्गी' म्हणायचा मोह होईल. म्हणू नका, तो तोच बग आहे. 1026 साली महमूद गझनवीने सोमनाथ लुटलं, हेही झाकू नका. पण त्याची पावती आज पीएमपीच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाच्या नावावर फाडता येत नाही, आणि बर्गींची शेजारच्या काकूंच्या नावावरही नाही.

कुणी शब्दाचं मूळ पुढे केलं की तीनच प्रश्न विचारा : लुटलं कुणी, कुणाला, कोणत्या साली? आणि हेच प्रश्न आपल्या माणसांनाही विचारा.