पाटीवर नाव कोणाचं?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाचं छोटं गाव आहे. तिथलं वस्तुसंग्रहालय १९०१ साली बांधलं गेलं, ते मेरी अ‍ॅनिंगच्या घराच्या जागेवर. गावाचा इतिहास आणि कड्यांतून निघालेले जीवाश्म एकाच छपराखाली. अ‍ॅमोनाइटपुढे उभी राहिले आणि आजीच्या देवघरातला शाळिग्राम आठवला. त्यातलं चक्रही अ‍ॅमोनाइटचंच. तिथल्या लोकांनी त्याला सापाचा दगड म्हटलं, आपण विष्णू म्हटलं. नाव देणाऱ्याचा मान सगळीकडेच मोठा. पण दगड शोधून काढणाऱ्याचं काय?

मेरी (१७९९–१८४७) सुताराची मुलगी, जीवाश्म विकून पोट भरणारी. १८२३ मध्ये तिने प्लेसिओसॉरचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा काढला. पुढच्याच वर्षी विल्यम कॉनिबेअर यांनी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्यावर निबंध वाचला. त्यात तिचं नाव नव्हतं. त्या सोसायटीत बायकांना सभासदत्व मिळायला १९१९ साल उजाडलं.

‘तिने नुसतं उकरलं, अर्थ विद्वानांनी लावला,’ असं म्हणणारे अजून भेटतात. त्यांनी एकदा कड्यापाशी जावं. कोणतं हाड कुठे बसतं हे कळल्याशिवाय सांगाडा अखंड निघत नाही. मेरी शोधनिबंध हाताने उतरवून घेई, तुलनेसाठी मासे कापून पाही. तिचं उकरणं हेच वाचन होतं.

हा युक्तिवाद मला पाठ आहे. ‘लिहिलं लेखकाने, तुम्ही फक्त भाषा बदलली.’ माझ्या एका अनुवादित कादंबरीच्या मुखपृष्ठावर माझं नाव नाही. आत मुद्रकाच्या पत्त्याशेजारी आहे. विचारलं, तर ‘जागा नव्हती’ म्हणाले. पुरस्काराच्या शिक्क्याला मात्र जागा होती.

२०१७ मध्ये संग्रहालयात मेरीच्या नावाचं दालन उघडलं, मृत्यूनंतर १७० वर्षांनी. चांगलं झालं. पण इतक्या उशिराचा गौरव कोणालाच महाग पडत नाही. १८२४ च्या त्या निबंधातली एक ओळ कॉनिबेअरना महाग वाटली, खरा हिशेब तिथे आहे.

आपण बहुभाषक वाचक अनुवादांवरच पोसलेलो आहोत. तेव्हा मागणी साधी आहे: अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर हवं, पुरस्काराच्या घोषणेत हवं. आणि परीक्षण लिहिणाऱ्यांनी ‘ओघवता अनुवाद’ या दोन शब्दांवर आमची बोळवण करू नये. दालन नंतर बांधा, किंवा बांधूही नका. ती एक ओळ आज लिहा.